यादीतली ओळ आणि शीर्षकातले तीन शब्द

चंद्रधर शर्मा गुलेरी यांची 'उसने कहा था' ही कथा वर्तमानपत्रातल्या एका यादीने संपते. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर कामी आलेल्यांची ती यादी. तिच्यात लहनासिंगची नोंद आहे: पलटण, हुद्दा, नाव, आणि जखमांनी मृत्यू. त्या नोंदीत खोटा शब्द एकही नाही, पण आपण नुकती वाचलेली कथाही तिच्यात कुठे नाही. शीर्षकाचे याच्या अगदी उलट आहे. त्यात तीनच शब्द, आणि त्यांत ना माणसाचे नाव, ना गाव, ना युद्ध, ना मरण. तरीही वाचून झाल्यावर सगळी कथा त्या तीन शब्दांत येऊन बसलेली दिसते.

एकाच कथेची ही दोन आखूड रूपे आहेत. कथा-कादंबरीची थोडक्यात ओळख करून देणारा, संपादकाने ती घ्यावी म्हणून लिहिलेला जो मजकूर असतो, त्याला आता मराठीतही सर्रास 'पिच' म्हणतात. अनुवादक म्हणून मी असे मजकूर लिहिते, आणि इतरांनी लिहिलेलेही माझ्याकडे वाचायला येतात. बहुतेक त्या यादीतल्या नोंदीसारखे असतात: सगळे खरे, आणि कथा गायब. शीर्षकाच्या जातीचे पिच क्वचित हाती लागते. हा फरक कशाने पडतो, ते गुलेरींच्या कथेवरून आणि पुढे काही मराठी पुस्तकांवरून तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू. हा बाजाराचा मामला आहे, समीक्षेने त्यात कशाला पडावे, असे कोणी विचारील. माझ्या मते पिच ही समीक्षेचीच सर्वांत आखूड जात आहे. कथा नेमकी कशाबद्दल आहे हे ठरवल्याखेरीज ते लिहिताच येत नाही.

आपल्याकडे याला जुना शब्द नाही, कारण तशी जुनी गरज नव्हती. गोषवारा सगळे सांगून मोकळा होतो. मलपृष्ठावरचा मजकूर पुस्तक छापून झाल्यावर ते हातात घेणाऱ्यासाठी असतो. परीक्षण वाचून झाल्यावर येते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या काळातल्या 'सत्यकथे'कडे लेखक कथाच पाठवत. संपादक ती वाचत आणि काय जमले, काय नाही ते सविस्तर पत्राने कळवत. वाचन आधी, मत नंतर. पिचमध्ये हा क्रम उलटा होतो. इथे वाचायचे की नाही हेच ठरायचे असते. अनुवादाच्या बाबतीत तर गोष्ट आणखी एक पायरी पुढे जाते. इंग्रजी प्रकाशनसंस्थेतल्या संपादकाला मराठी येत नसेल, तर वाचायची इच्छा झाली तरी तो मूळ पुस्तक वाचू शकत नाही. त्याच्यापुढे असतो दीडशे-दोनशे शब्दांचा मजकूर, लेखकाची ओळख, हक्क कोणाकडे आहेत याची माहिती आणि नमुन्यादाखल अनुवादाची काही पाने. त्यातही ती पाने उघडावीत की नाही, हे पहिल्या मजकुरावर ठरते.

मी राहते ती जयपूरच्या चारदीवारीत, चौडा रास्त्यालगतच्या एका गल्लीत. तटबंदीच्या आतल्या या जुन्या शहरात पारखून घेण्याचा एक पक्का रिवाज रोज पाहायला मिळतो. जोहरी बाजारातून गोपालजी का रास्ता या गल्लीत शिरले की रत्नांचे दलाल भेटतात. खिशातून घडीच्या कागदाची पुडी निघते, उघडते, खडे उजेडात येतात. घेणारा एकेक खडा चिमट्यात धरून भिंगाखाली बघतो. देणाऱ्याला विशेषणांची गरज पडत नाही, कारण माल समोर आहे आणि बघणाऱ्याला नजर आहे. अनुवादकाची अडचण अशी की त्याची पुडी समोरच्याला उघडता येत नाही. खड्याचा रंग, पाणी, आतली रेघ, सगळे शब्दांनीच दाखवायचे. अशा वेळी मोह होतो तो तेज, दुर्मीळ, अप्रतिम असे शब्द वापरण्याचा. पण कागदाआडच्या खड्याबद्दल अप्रतिम म्हटले, तर ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

तटाबाहेर, डिग्गी पॅलेसच्या आवारात २००६ साली जयपूर साहित्य महोत्सव सुरू झाला. त्याच्या जोडीने २०१४ पासून प्रकाशक, अनुवादक आणि एजंट यांच्यासाठी 'जयपूर बुकमार्क' भरू लागले. त्यामुळे या शहरात थंडीच्या दिवसांत पिच हा शब्द चहाइतका सहज कानावर पडतो. ज्या गुलेरींची कथा मी उदाहरणाला घेते आहे, ते जन्माने याच शहराचे. १८८३ साली ते इथे जन्मले. विशीच्या उंबरठ्यावर असताना चारदीवारीतल्या जंतर मंतरच्या जीर्णोद्धाराच्या कामात त्यांचा सहभाग होता, आणि १९०२ साली निघालेल्या या वेधशाळेवरच्या इंग्रजी पुस्तकासाठी त्यांनी गॅरेट या इंग्रज अधिकाऱ्याला साहाय्य केले. एका परंपरेतले ज्ञान ती परंपरा न वाचणाऱ्याला समजावून देण्याचेच ते काम होते. 'उसने कहा था' १९१५ साली 'सरस्वती' मासिकात आली. गुलेरींनी कथा मोजक्याच लिहिल्या. १९२२ साली ते वारले.

आता ही कथा आजच्या संपादकापुढे ठेवायची आहे असे समजू. नेहमी लिहिला जातो तो पहिला नमुना असा:

'अमृतसरच्या बाजारात बारा वर्षांचा लहनासिंग आणि आठ वर्षांची एक मुलगी भेटतात. तिची सोयरीक झाल्याचे कळल्यावर तो दुखावतो. पंचवीस वर्षांनी तो फौजेत जमादार असतो आणि ती मुलगी त्याच्या सुभेदाराची बायको निघते. ती त्याला आपल्या नवऱ्याचे आणि मुलाचे रक्षण करायला सांगते. फ्रान्सच्या खंदकात तो दोघांना वाचवतो आणि स्वतः मरतो.'

यात तपशिलाची चूक काढता येणार नाही. बिघडला आहे तो क्रम. गुलेरी बाजारातून एकदम खंदकात येतात. सुभेदारणीची भेट ते राखून ठेवतात, आणि ती आपल्याला कळते मरणाऱ्या माणसाच्या आठवणीतून, अगदी शेवटी. तोवर आपण पाहत असतो की हा जमादार आजारी बोधासिंगला आपली पांघरुणे देतो, त्याच्या वाटचा पहारा देतो, आपल्याकडे दुसरे गरम कपडे आहेत असे खोटेच सांगून अंगातली जर्सी त्याला घालतो, आणि पुढे स्वतःची जखम लपवून बापलेकांना गाडीतून पाठवून देतो. का, ते आपल्याला माहीत नसते. कथा चालते ती या 'का'वर. वरच्या नमुन्याने घटना सरळ रेषेत लावल्या आणि लहनासिंग सांगितलेले काम करणारा माणूस झाला. वर्तमानपत्राच्या यादीत फक्त शेवट होता, इथे त्याला आरंभ जोडला. जात तीच राहिली.

दुसरा नमुना आखूड आणि जास्त लोकप्रिय: 'निरपेक्ष प्रेमाची, मूक त्यागाची आणि युद्धाच्या भीषणतेची हृदयस्पर्शी कहाणी.' याची परीक्षा सोपी आहे. हे वाक्य दुसऱ्या किती पुस्तकांवर चिकटवता येईल ते मोजावे. या वाक्यात अमृतसर नाही, खंदक नाही, जर्सी नाही. विषयांची नावे घेतली म्हणजे कथा सांगितली असे होत नाही. आपल्याकडच्या पिचांचा एक मोठा भाग असा नमनातच खर्च होतो. लेखक कोणत्या पिढीचा, त्याने कोणती कोंडी फोडली, समाजाचे कसे विदारक दर्शन घडवले, यातच घडाभर तेल संपते.

तिसरा नमुना मी असा लिहीन:

'फ्रान्समधल्या गोठलेल्या खंदकात जमादार लहनासिंग सुभेदाराच्या तापाने फणफणलेल्या मुलाला आपली पांघरुणे देतो, त्याच्या वाटचा पहारा देतो, आणि आपल्याकडे दुसरे गरम कपडे आहेत असे खोटेच सांगून जर्सीही त्याच्या अंगात घालतो. हा मुलगा त्याचा कोणी नाही. पंचवीस वर्षांपूर्वी अमृतसरच्या बाजारात एक मुलगी त्याला महिनाभर भेटत होती. घर सोडताना तिने त्याला काही सांगितले आहे. शत्रू खंदकाच्या तोंडाशी आल्यावर, ज्या नात्याला कधी नावही मिळाले नाही त्याचे किती देणे लागते, हे लहनासिंगला त्या रात्री ठरवावे लागते.'

या नमुन्यात काय सांगितले आणि काय राखले, ते पाहावे. माणूस दिसतो, तोही करताना दिसतो. त्याच्या करण्यामागे काहीतरी आहे एवढे कळते, कारण ते तर शीर्षकच सांगते. तिने काय सांगितले आणि त्याने ते कोणत्या किमतीला पार पाडले, हे मात्र उघड केलेले नाही. पेच सांगितला, सोडवणूक राखली. इथे एक व्यवहाराची गोष्ट नोंदवायला हवी. संपादकापासून शेवट लपवायचा असा याचा अर्थ नाही. सविस्तर गोषवारा वेगळ्या कागदावर जातो, आणि त्यात शेवटासकट सगळे असते, असावेच. पिचचे काम तो कागद उलटायला लावण्याचे.

पण पेच सांगायचा म्हणजे कोणाचा पेच, हे ठरवावे लागते, आणि तिथे खरी समीक्षा सुरू होते. विजयदान देथा यांची 'दुविधा' घ्या. बोरुंद्याला राहून राजस्थानीत लिहिणाऱ्या देथांची ही कथा मराठी वाचकाला सिनेमामुळे ओळखीची आहे. मणी कौल यांनी तिच्यावर १९७३ साली 'दुविधा' केला आणि अमोल पालेकरांनी २००५ साली 'पहेली'. कथेची एक ओळ जिभेवर तयारच असते: नवपरिणीत सावकारपुत्र व्यापारासाठी पाच वर्षे परगावी जातो, आणि नववधूवर भाळलेले भूत त्याचे रूप घेऊन घरात येते. ऐकणारा लगेच कान टवकारतो. हवेली, वाळवंट, भूत, घुंघट, राजस्थानकडून जे जे अपेक्षित असते ते सगळे एका वाक्यात.

तरी या ओळीतून कथेचा मध्य निसटला आहे. भूत सगळ्या घराला फसवते, पण त्या स्त्रीला फसवत नाही. तिला ते आपण कोण आहोत हे सांगते. म्हणजे पुढचे सगळे तिच्या जाणतेपणी घडते. एवढे वाक्य घातले की भुताची गोष्ट एका बाईच्या निवडीची गोष्ट होते. न घातले तर ती फसवणुकीची गंमत उरते. शेवटही दोन ठिकाणी दोन तऱ्हांचे आहेत. देथांकडे भूत पखालीत कोंडले जाते आणि त्या बाईच्या निवडीला कोणी विचारत नाही. 'पहेली'त ते नवऱ्याच्याच देहात शिरते आणि तिला हवे ते मिळते. एकाच आकर्षक ओळीवर दोन उलट कलाकृती उभ्या राहू शकतात, तर त्या ओळीने अजून कथा सांगितलेली नाही, एवढे नक्की. देथांच्या कथेचे पिच लिहायचे तर तिने जाणूनबुजून निवड केली आणि त्या निवडीला घरात जागा नव्हती, हे त्यात यावे लागेल. भूत त्यामानाने दुय्यम आहे.

आता आपल्या पुस्तकांकडे येऊ. काही पुस्तके पिच घेऊनच जन्मतात. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही २००६ सालची कादंबरी: घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघेही प्रेम करतात. जेरी पिंटो यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २०१३ साली आला. ही ओळ खरी आहे आणि पुस्तकाच्या आतलीच आहे. तरीही अनुवादकाने तिथेच थांबू नये. कादंबरी दोन निवेदनांची आहे, आधी भावाचे, मग बहिणीचे. दोघे ज्याच्याबद्दल बोलतात तो स्वतः बोलत नाही, आणि दोघांच्या बोलण्यातून जो उभा राहतो तो तंतोतंत एकच माणूस नाही. 'एकाच तरुणावर' यातला 'एकाच' हा शब्दच कादंबरीने संशयात टाकला आहे. पिचमध्ये एवढे आले की ते कथानकाच्या चमत्कृतीपलीकडे जाते.

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ सालच्या संग्रहाचे शीर्षकच पिच आहे. माणूस आहे, कृती आहे, आणि त्या कृतीला गुन्हा ठरवणारा समाजही 'चोरली' या एका क्रियापदात आहे. पिंटो यांच्या २०१८ सालच्या इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात जात लपवलेली आहे, चोरलेली नाही. यावर पटकन नापसंतीची मान हलवणे सोपे आहे. पण मराठीत आपण अंग चोरतो, नजर चोरतो, आणि तिथे चोरणे म्हणजे आखडून घेणे, दिसू न देणे हेच असते. म्हणजे इंग्रजी शीर्षक चुकीचे नाही, त्याने दोन अर्थांपैकी एक उचलला आहे. गेला तो आरोप: आपली जात न सांगणारा माणूस दुसऱ्याच्या मालकीचे काही घेऊन गेला, ही समाजाची नजर. शीर्षकाला हे झेपले नसेल तर ते पिचने उचलायला हवे. त्याला निदान दीडशे शब्दांची सवलत आहे. 'भाड्याच्या खोलीसाठी जात न सांगणे ही त्या गावाच्या लेखी चोरी होती' असे एक वाक्य पुरेल.

आणि काही पुस्तके पिचला दादच देत नाहीत. 'कोसला'ही १९६३ सालचीच. कथानक विचाराल तर खेड्यातला पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात जातो आणि काही न होता परत येतो. हे संपादकापुढे ठेवून बघा. इंग्रजीत ही कादंबरी सुधाकर मराठे यांच्या अनुवादाने आली ती १९९७ साली. या चौतीस वर्षांमागे अनेक कारणे असू शकतात, त्यांत मी जात नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की कथानकावर बेतलेल्या पिचने 'कोसला' कधीच पुढे सरकणार नाही, कारण तिचा पेच घटनांत नाही. तो 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' या दोन शब्दांत आहे. आयुष्य नोंदवायला बसलेल्या तरुणाला कशाचेही महत्त्व शेवटपर्यंत टिकवता येत नाही. दुःखसुद्धा वाक्याच्या टोकाला 'वगैरे' होऊन जाते, आणि बहिणीच्या मृत्यूपाशी मात्र हे हत्यार कामाला येत नाही. मी 'कोसला'चे पिच इथून सुरू करीन. ते कथानकाचे नसेल, आवाजाचे असेल. पण पेच त्यातही आहे.

इतका खल कशासाठी, तर पिच स्वीकारले गेले म्हणजे संपले असे होत नाही. तेच पुढे प्रकाशकाच्या सूचीत जाते, तिथून मलपृष्ठावर, तिथून पुस्तक-दुकानदाराच्या तोंडी, आणि पुष्कळदा परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदात. त्याआधी एक सूक्ष्म गोष्ट घडते. संपादकाने ज्या वचनावर पुस्तक घेतले, त्या वचनाकडे तो अनुवादाला वळवू पाहतो. पिचमध्ये 'जातिव्यवस्थेचे विदारक दर्शन' विकले असेल, तर विनोदाची पाने त्याला लांबलेली वाटतात. 'वाळवंटातली प्रेमकथा' विकली असेल, तर व्यापाराचे हिशेब कापावेत अशी सूचना येते. संपादक अप्रामाणिक असतो म्हणून असे होत नाही. त्याला जे पुस्तक सांगितले गेले तेच तो शोधत असतो. मूळ न वाचता येणाऱ्या माणसाला आपण दुसरेच पुस्तक सांगितले, तर ते सुधारायला मूळ पुस्तक त्याच्याशी बोलू शकत नाही. तिथे लेखकाच्या बाजूने बोलणारे आपल्याखेरीज कोणी नसते.

म्हणून माझ्याकडे पिच वाचायला आले की मी तीन गोष्टी बघते. पहिली, विशेषणे काढल्यावर काय उरते. दुसरी, नावे झाकल्यावर हे दुसऱ्या कोणत्या पुस्तकाला लागू पडेल का. तिसरी तपासणी लिहिणाऱ्यालाच करता येते, कारण पुस्तक त्यानेच वाचलेले असते: शेवटचे पान मिटून लगेच आपले दीडशे शब्द पुन्हा वाचावेत. त्यातला एखादा शब्द आता आधीपेक्षा जड झालेला वाटला, तर मजकूर पाठवायला हरकत नाही. सगळे शब्द होते तेवढेच राहिले असतील, तर आपण मृतांच्या यादीत आणखी एक नोंद केली आहे. तेव्हा कागद बाजूला ठेवावा आणि या माणसाला कोणी काय सांगितले होते, हे शोधायला पुन्हा पुस्तकात शिरावे.